परमुलखातली पत



स्मृतिव्याख्यानासाठी बँकेचे खाते आणि क्रेडिट कार्ड हा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. परदेशी गेलेल्या मराठी माणसांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुधा मुलांच्या मराठीबद्दल, तिथल्या गणेशोत्सवाबद्दल किंवा इथे मागे राहिलेल्या आईवडिलांबद्दल असते. पहिला पगार कुठे जमा करायचा, घरमालकाला अनामत कशी द्यायची, मोबाइलचे कनेक्शन कोणाच्या नावावर घ्यायचे, हे प्रश्न व्यासपीठावर आणण्याच्या लायकीचे समजले जात नाहीत. ते व्हॉट्सअॅपच्या गटावर सोपवून आपण मोकळे होतो. पण या किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नांच्या मुळाशी एक मोठी गफलत आहे, असे माझे म्हणणे आहे. बँकेला नव्या माणसाबद्दल दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हा माणूस कोण, ही पहिली; आणि घेतलेले पैसे हा परत करील का, ही दुसरी. पहिली ओळखीची बाब आहे, दुसरी पतीची. खाते उघडायला ओळख पुरेशी असायला हवी आणि पत फक्त उधारीच्या वेळी पाहायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक देशांत या दोन्हींची सरमिसळ झालेली आहे आणि तिचा भुर्दंड नवखा माणूस भरतो. खाते हा कायद्याने मिळणारा हक्क असावा. कर्ज द्यायचे की नाही हे ठरवण्याची मोकळीक सावकाराला राहावी. मात्र ते ठरवताना आपला आधीचा व्यवहार त्याच्यापुढे ठेवण्याची सोय कर्ज मागणाऱ्याच्या हातात असावी. एवढेच आज मांडायचे आहे.

सुरुवात ओळखीपासून करू. साताऱ्याहून किंवा नाशिकहून लंडनला शिकायला निघालेल्या मुलीची तपासणी किती होते ते पाहा. बोटांचे ठसे घेतले जातात, फोटो काढला जातो, क्षयरोगाची चाचणी होते, विद्यापीठाचे पत्र तपासले जाते. शिवाय राहण्याखाण्यासाठी महिन्याला ठरलेल्या आकड्याच्या हिशेबाने नऊ महिन्यांची रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून होती, याचा पुरावा द्यावा लागतो. २०२५ च्या जानेवारीत लंडनसाठी हा आकडा १,४८३ पौंड होता. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका गोठवलेल्या खात्यात टाकावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. म्हणजे त्या देशाच्या सरकारने या मुलांना कोणतीही बँक तपासणार नाही इतके तपासून आत घेतलेले असते. मग ही मुलगी बँकेच्या काउंटरवर जाते आणि तिला विचारतात, वीजबिल आहे का?

वीजबिल नसते. चारपाच जणांनी मिळून घेतलेल्या घरात वीज, पाणी, इंटरनेट सगळे भाड्यातच धरलेले असते आणि बिले घरमालकाच्या नावाने येतात. पत्त्याचा दुसरा सर्वमान्य पुरावा म्हणजे स्थानिक पालिकेचे काउन्सिल टॅक्सचे बिल. पण ज्या घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी आहेत त्या घराला हा कर माफ असतो, त्यामुळे कराचे बिल दाखवायचा प्रश्नच उरत नाही. सरकारने दिलेली सवलतच बँकेच्या दारात आडवी येते. विद्यार्थ्यांची सोय बहुतेक विद्यापीठे बँकेच्या नावाने पत्र देऊन लावतात. नोकरदाराची सोय कंपनी लावते. खरी अडचण होते ती त्यांच्यासोबत आलेल्या जोडीदाराची, कारण त्याच्या किंवा तिच्या नावाने पत्र देणारे कोणीच नसते. ब्रिटनमध्ये एक वाट मात्र आहे आणि आपल्या लोकांना ती फारशी ठाऊक नसते. भारतीय पासपोर्टवर कायदेशीरपणे राहणारा माणूस राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून तिथल्या मतदारयादीत नाव घालू शकतो, मतदानही करू शकतो. आणि पतमाहिती ठेवणाऱ्या तिथल्या कंपन्या पत्त्याची खातरजमा करताना हीच मतदारयादी पाहतात. साम्राज्याच्या वारशातून मिळालेल्या मताधिकाराचा उपयोग आपली माणसे खासदार निवडण्यापेक्षा क्रेडिट कार्ड मिळवण्यासाठी जास्त करत असतील, तर त्यांना हसण्याचे कारण नाही.

जर्मनीत हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने उभी राहते. तिथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. तिला अनमेल्डुंग म्हणतात. २०१५ च्या नोव्हेंबरपासून त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखलाही लागतो. बर्लिनसारख्या शहरात नोंदणी कार्यालयाची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. बँक खात्यासाठी ही नोंदणी मागते. घरमालक घर देण्यापूर्वी पगाराचे कागद आणि शूफाचा अहवाल मागतो. शूफा ही तिथली पतनोंदणी संस्था. १९२७ साली बर्लिनमध्ये विजेची उपकरणे हप्त्याने विकण्याच्या सोयीसाठी ती निघाली. तिच्याकडे नव्या माणसाची काहीच माहिती नसते, कारण त्याचे जर्मन खातेच नसते. घर नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून घर नाही. तात्पुरत्या खोलीवर महिनाभर जादा भाडे भरत राहण्याची ऐपत असलेला माणूसच या फेऱ्यातून लवकर सुटतो. माणसाची लायकी पाहण्यासाठी केलेली व्यवस्था इथे नकळत त्याच्या खिशाची परीक्षा घेते.

अमेरिकेचा दाखला जास्त बोलका आहे, कारण तिथे कायदा एक सांगतो आणि काउंटर दुसरे. २००१ च्या पेट्रियट कायद्याच्या ३२६व्या कलमाखाली २००३ साली बँकांसाठी ग्राहकाची ओळख पटवण्याचे नियम झाले. खाते उघडताना नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळखक्रमांक, अशा चार गोष्टी घ्यायच्या. जो अमेरिकी नाही त्याच्या बाबतीत हा क्रमांक म्हणजे पासपोर्टचा क्रमांक आणि तो देणाऱ्या देशाचे नाव, एवढेही चालते. सोशल सिक्युरिटी नंबर हवाच, असे हा नियम म्हणत नाही. इतकेच नव्हे, ज्याला स्वतःचा पत्ता नाही त्याने जवळच्या नातेवाइकाचा किंवा संपर्कातल्या माणसाचा पत्ता दिला तरी चालेल, अशीही त्यात तरतूद आहे. दहशतवादी हल्ल्याच्या धक्क्यात, संशयाच्या वातावरणात केलेला हा नियम आहे, तरी तो इतका व्यवहारी आहे. पण कित्येक शाखांत आणि बहुतेक बँकांच्या ऑनलाइन फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाला हा नंबर काम करण्याची परवानगी असेल तरच मिळतो. विद्यापीठाच्या आवारात तासावारी काम मिळेपर्यंत त्याच्याकडे तो नसतोच. म्हणजे कायद्याने न मागितलेला कागद बँकेने मागायचा, आणि तो नसला की माणूसच संशयास्पद ठरवायचा.

बँका असे का करतात? त्या द्वेषाने करतात असे मला वाटत नाही. चुकीच्या माणसाचे खाते उघडले तर नियामक जबर दंड करतो. योग्य माणसाला परत पाठवले तर दंड होत नाही. हा हिशेब एकदा लक्षात आला की काउंटरवरच्या माणसाचे वागणे समजते. महिन्याला चारदोनशे डॉलर शिल्लक राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यातून बँकेला मिळते ते थोडे, आणि त्याचा पासपोर्ट नीट तपासायला वेळ जातो तो जास्त. याचा उत्तम पुरावा गरिबांच्या बाजूने मिळत नाही, तो श्रीमंतांच्या बाजूने मिळतो. अमेरिकेने २०१० साली फाटका नावाचा कायदा करून जगभरच्या बँकांना त्यांच्याकडच्या अमेरिकी खातेदारांची माहिती कळवायला भाग पाडले. त्यानंतर युरोपातल्या कित्येक बँकांनी अमेरिकी नागरिकांना खाती नाकारायला सुरुवात केली. हे नागरिक बुडवे होते असे कोणी म्हटले नव्हते. त्यांच्यापायी करावी लागणारी कागदपत्रे बँकांना नको होती. नकाराचे कारण अविश्वास नसून खर्च आहे, हे एकदा कळले की उपायही कळतो. ज्या नकाराची बँकेला किंमत पडत नाही त्याला किंमत लावली पाहिजे.

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने नेमके हेच केले. संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला साधे व्यवहार करता येतील असे खाते मिळण्याचा हक्क आहे. त्यात ज्यांना कायमचा पत्ता नाही असे लोक आले, आश्रय मागणारे आले, आणि ज्यांना राहण्याचा परवाना नाही पण परत पाठवताही येत नाही असेही आले. अर्ज पूर्ण असेल तर बँकेने दहा कामाच्या दिवसांत खाते उघडायचे किंवा कारण देऊन नाकारायचे. जर्मनीत जून २०१६ पासून हा हक्क लागू आहे आणि नाकारलेला माणूस थेट वित्तनियामकाकडे दाद मागू शकतो. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या खात्यावर उचल देण्याचे बंधन बँकेवर नाही. पगार जमा होईल, भाडे जाईल, कार्डाने दुकानात पैसे देता येतील. शिलकीपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही. ओळख आणि पत यांची फारकत कायद्याच्या पुस्तकात शक्य आहे हे यातून सिद्ध होते. बँकांनी पळवाट काढायचा प्रयत्न केलाच. एका मोठ्या बँकेने अशा खात्याला महिन्याला ८.९९ युरो फी लावली. खाते नाकारता येत नसेल तर महाग करावे, हा विचार. २०२० साली जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ती फी अवाजवी ठरवली. हक्क दिला की त्याची किंमतही कोणीतरी पाहावी लागते, नाहीतर हक्क कागदावर राहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बँकांनी दारे अशी सताड उघडली तर काळा पैसा, फसवणूक आणि दहशतवादाला मिळणारा पैसा त्याच वाटेने जाईल. आक्षेप पोकळ नाही. विद्यार्थ्यांची खाती थोड्या पैशांसाठी भाड्याने घेऊन त्यांतून फसवणुकीची रक्कम फिरवण्याचे प्रकार ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही होतात. पण नकार हा या धोक्यावरचा उपाय असू शकत नाही, कारण बँकेत न आलेला पैसा तपासणीतही येत नाही. धोका रकमेत असतो. तेव्हा बंधन रकमेवर घालावे. याचा नमुना आपल्याच देशात आहे. ज्याच्याकडे कुठलाच अधिकृत कागद नाही त्याच्यासाठी आपण छोटे खाते काढले: शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर नाही, वर्षभरात एक लाखाच्या वर जमा नाही, महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही. पुढे जनधन योजनेत कागदपत्रांवाचून अडलेल्यांना हीच वाट कामी आली. याहून जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांसाठी रिझर्व्ह बँकेने केलेला नियम वाचण्यासारखा आहे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि शिक्षणसंस्थेचे प्रवेशपत्र यांवर बँकेने अनिवासी खाते उघडावे. स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत घ्यावा. तोवर बाहेरून १,००० डॉलरपेक्षा जास्त येऊ देऊ नयेत आणि ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढू देऊ नयेत. पाकिस्तानी विद्यार्थ्यासाठी मात्र आधी परवानगी लागते. लंडनमधल्या नाशिककर मुलीला जे मिळत नाही ते इथिओपियाहून पुण्यात आलेल्या मुलाला कागदावर तरी मिळते. शाखेत गेल्यावर मिळते का, ते शेवटी पाहू.

आता पतीकडे येतो. हा प्रांत जास्त अवघड आहे आणि इथे मी हक्काची भाषा करणार नाही. अनोळखी माणसाला उधार द्यावे की नाही, हा प्रश्न क्रेडिट कार्डापेक्षा पुष्कळ जुना. १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन याने मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावच्या वकिलांकडून तो व्यापाऱ्यांविषयी माहिती मागवी आणि न्यूयॉर्कच्या पेढ्यांना विके. त्या अहवालांत व्यापाऱ्याच्या मालमत्तेइतकेच त्याचे चारित्र्य आणि सवयीही असत. १९५६ साली बिल फेअर आणि अर्ल आयझॅक या दोघांनी या बातमीदारीच्या जागी गणित आणायचा उद्योग सुरू केला. सगळ्या सावकारांना वापरता येईल असा त्यांच्या कंपनीचा फायको स्कोअर १९८९ मध्ये आला. ३०० ते ८५० यांमधला एक आकडा. त्यात वेळेवर परतफेड केल्याचा वाटा ३५ टक्के, किती उधारी उचललेली आहे याचा ३० टक्के आणि पतीचा इतिहास किती लांब याचा १५ टक्के. वर्णाकडे आणि आडनावाकडे पाहून कर्ज देणाऱ्या व्यवस्थापकापेक्षा हा आकडा न्यायी होता, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच्यात एक खोट आहे. किमान सहा महिने जुने एक तरी खाते नोंदीत असल्याशिवाय हा स्कोअर तयारच होत नाही. पंधरा वर्षे पुण्यात गृहकर्जाचा एकही हप्ता न चुकवलेला माणूस ह्यूस्टनला उतरला की त्याची पत वाईट ठरत नाही, ती नसतेच. आणि नसलेल्या पतीला बहुतेक सावकार वाईट पतीसारखेच वागवतात.

मग अनामत ठेवून मिळणारे कार्ड घ्यावे लागते. ते कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. बँकेकडे ३०० डॉलर ठेवायचे, मग ३०० डॉलर मर्यादेचे कार्ड मिळते. आपलेच पैसे आपण उधार घ्यायचे. समजा महिन्याचा किराणा आणि बसचा पास मिळून २७० डॉलर झाले. महिन्याचे स्टेटमेंट निघते त्या दिवशी बँक पतनोंदणी कंपन्यांना कळवते की या माणसाने मर्यादेच्या ९० टक्के उधारी उचललेली आहे. तीन आठवड्यांनी मुदतीच्या आत तो पै न पै भरतो, व्याज एक सेंटही लागत नाही, तरी स्कोअर दबलेला राहतो; कारण नोंद स्टेटमेंटच्या दिवसाची असते, भरण्याच्या दिवसाची नसते. जाणकार मुले स्टेटमेंट निघण्याच्या दोन दिवस आधीच पैसे भरून टाकतात. काटकसरीने राहणाऱ्या, उधारी टाळण्याच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला इथे उधारी घेऊन दाखवावी लागते, आणि ती दाखवण्याच्या तारखा सांभाळाव्या लागतात. यात प्रामाणिकपणापेक्षा व्यवस्थेच्या खाचाखोचांची माहिती मोजली जाते.

नव्या माणसाची जुनी पत सावकाराला कळायला मार्ग नाही, असे सांगितले जाते. हे कितपत खरे? अमेरिकेत पतमाहिती ठेवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या आहेत: इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन. भारतात परवाना असलेल्या अशा चार कंपन्यांपैकी तिघींची नावे हीच आहेत. २००० साली मुंबईत स्थापन झालेली सिबिल आज ट्रान्सयुनियनच्या मालकीची आहे. म्हणजे डोंबिवलीच्या माणसाच्या गृहकर्जाची बिनचूक नोंद ज्या उद्योगसमूहाच्या मुंबई कार्यालयात आहे, त्याच समूहाचे शिकागोचे कार्यालय या माणसाबद्दल आपल्याकडे काहीच माहिती नसल्याचा निर्वाळा देते. कारणे आहेत. भारतातली नोंद पॅनवर बांधलेली, तिथली सोशल सिक्युरिटी नंबरवर. आपला २००५ चा कायदा हा अहवाल कोणाला द्यायचा ते ठरवून देतो. शिवाय आपला स्कोअर ३०० ते ९०० चा, त्यांचा ८५० पर्यंतचा, आणि दोन्ही देशांत थकबाकीची रीत वेगळी. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सुटणाऱ्या आहेत, कारण त्या एका कोपऱ्यात सुटल्याही आहेत. अमेरिकन एक्सप्रेसने २०१९ पासून नोव्हा क्रेडिट या कंपनीच्या मदतीने, अर्जदाराच्या संमतीने, भारतासह काही देशांतले पतअहवाल पाहून नव्याने आलेल्यांना कार्ड द्यायला सुरुवात केली. एका कंपनीला जे धंदा म्हणून परवडते ते बाकीच्यांना अशक्य आहे, हे पटत नाही. मात्र हे दार एका कंपनीच्या मर्जीवर उघडे राहावे, हेही मला पुरेसे वाटत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. नवखा माणूस उधारी करून मायदेशी निघून गेला तर वसुली कशी करायची? सावकाराची ही भीती रास्त आहे. पण बँक खरोखर या भीतीमुळेच अडवत असती, तर ज्या देशाचा न्यायनिवाडा भारतात बजावता येतो तिथे आपल्या माणसाला कार्ड सोपे मिळाले असते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४ अ कलमाखाली काही देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतात. ब्रिटन त्या यादीत फार पूर्वीपासून आहे. संयुक्त अरब अमिरातीचा समावेश जानेवारी २०२० मध्ये झाला. अमेरिका आणि जर्मनी त्या यादीत नाहीत. तिथल्या निकालावर इथे नव्याने दावा लावावा लागतो. म्हणजे वसुलीच्या दृष्टीने ब्रिटिश बँकेला भारतीय कर्जदार अमेरिकी बँकेपेक्षा पुष्कळ सुरक्षित. तरी ब्रिटनमध्येही नव्याने आलेल्या भारतीयाला पहिल्या वर्षी हाच नकार ऐकावा लागतो. पळून जाण्याचा धोका मोजलाच जात नाही, हे यावरून दिसते; मोजली जाते ती फक्त स्थानिक नोंद. आखातात तर याची दुसरी बाजू आहे. रत्नागिरी, रायगडमधून दुबईला गेलेल्या अनेक कामगारांचा पगार २००९ पासून सुरू झालेल्या वेतन संरक्षण पद्धतीतून, एक्स्चेंज हाउसच्या कार्डावर जमा होतो. पगार वेळेवर मिळतो, ही त्या पद्धतीची मोठी कमाई. पण कार्ड म्हणजे खाते नव्हे, आणि वर्षानुवर्षे नियमाने गावी पैसे पाठवणाऱ्या त्या माणसाची ही शिस्त कुठल्याही पतअहवालात उतरत नाही. त्याच देशात कर्ज घेणाऱ्याकडून तारीख न घातलेला चेक तारण म्हणून घेण्याची रीत होती आणि चेक न वटल्यास तुरुंग होता. २०२२ पासून त्यातला फौजदारी भाग बराच सैल झाला. कडक वसुलीचा कायदा असूनही पतीचे मोजमाप तिथेही सुधारलेले नव्हते.

या सगळ्यात सर्वांत जास्त सोसते ती जोडीदार म्हणून गेलेली स्त्री. एच-४ व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या पुष्कळ भारतीय स्त्रियांना काम करायची परवानगी नसते. २०१५ च्या नियमाने ती काहींनाच मिळाली. परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून पतनोंद नाही. घटस्फोट झाला किंवा नवरा अचानक गेला, तर दहा वर्षे त्या देशात संसार केलेली बाई बँकेच्या दृष्टीने काल उतरलेली असते. अमेरिकेच्या कायद्याने या बाबतीत बरेच केले आहे आणि ते सांगितले पाहिजे. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने कर्ज मागण्याचा हक्क दिला. त्याखालच्या नियमाप्रमाणे नवऱ्याच्या खात्यावर बायकोला कार्ड वापरायची मुभा असेल, तर पतनोंदणीला माहिती देणाऱ्या बँकेने ती दोघांच्या नावाने द्यायची असते. २०१३ साली आणखी एक बदल झाला: २१ वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराने स्वतःच्या नसलेल्या, पण आपल्याला वापरता येणाऱ्या घरच्या उत्पन्नाचा आधार घेतला तर चालेल. घरी राहणाऱ्या जोडीदाराला डोळ्यांसमोर ठेवूनच हा बदल केला होता. म्हणजे हत्यारे आहेत. ती या बायकांपर्यंत पोहोचलेली नाहीत. जवळच्या माणसाच्या आधारावर पत मिळण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या सहकारी पतसंस्थांत दोन सभासद जामीनदार उभे राहिले की नवख्याला कर्ज मिळते. शामराव विठ्ठल आणि कॉसमॉस या १९०६ च्या, सारस्वत १९१८ ची. या बँकांचा पाया ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसासाठी शब्द टाकण्याचा होता. नवऱ्याच्या खात्यावरचे जादा कार्ड हा त्याच पद्धतीचा एक अमेरिकी अवतार आहे, आणि तो कुटुंबाबाहेर फारसा पोहोचत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यांत जास्त अडवतो. पत माणसाबरोबर देशोदेशी फिरू लागली तर वाईट पतही फिरेल. शिक्षणकर्जाचे दोन हप्ते चुकलेला मुलगा नव्या देशातही डागी ठरेल. परदेशी जाण्यात नवी सुरुवात करण्याची जी संधी असते ती आपण एका फाइलीपायी घालवायची का? शिवाय इतकी माहिती सरहद्दीपार जाऊ लागली तर ती कोणाच्या हाती लागेल? आणि शेवटी, अमेरिकेत कार्डांचे सरासरी व्याज २० टक्क्यांच्या वर असताना नव्या माणसाला कार्ड सोपे करून द्यावेच का? शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की म्हणूनच मी कार्डाचा हक्क मागत नाही. बाकीच्यांना उत्तर संमतीत आहे. अहवाल नेण्याचा हक्क माणसाचा असावा, मागण्याचा हक्क बँकेचा नसावा. ज्याला नव्याने सुरुवात करायची त्याने अनामतीचे कार्ड घ्यावे, त्याला कोणी अडवू नये. अशी संमतीवर चालणारी यंत्रणा भारतात आहेच: रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालचे अकाउंट अॅग्रिगेटर २०२१ पासून खातेदाराच्या परवानगीने एका बँकेतली माहिती दुसऱ्या बँकेला देतात. संमतीवर भिस्त ठेवण्यात एक धोका मात्र मी नाकारत नाही. सगळेच अहवाल देऊ लागले तर न देणाऱ्यावर संशय येईल. त्यासाठी अहवाल न दिल्याचे कारण दाखवून अर्ज फेटाळता येणार नाही, असा नियम सोबतच हवा. तो पूर्ण संरक्षण देईल असे नाही, पण नियम नसण्यापेक्षा बरा.

हे करायचे कोणी? दोन देशांनी बसून करायचे काम आहे, आणि अशी कामे होतात. परदेशी काम करणाऱ्याने एकाच वेळी दोन देशांच्या सामाजिक सुरक्षा निधीत पैसे भरू नयेत, यासाठी भारताने अनेक देशांशी करार केलेले आहेत. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा अशा दुहेरी वर्गणीतून सूट देणारा समझोताही त्याबरोबर ठरला. कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी दोन सरकारांच्या चर्चेचा विषय होऊ शकतो, तर त्याचा पतअहवालही होऊ शकतो. पुढच्या वाटाघाटींत हे कलम मागा, असे आपल्या खासदारांना सांगायला हरकत नाही.

पण दुसऱ्याच्या दारातला अडसर काढायला सांगताना आपले दार पाहावे लागते. या सभागृहात बँकांचे संचालक बसलेले आहेत, निवृत्त व्यवस्थापक आहेत, आणि पुण्यात परदेशी मुलांना प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांचे विश्वस्तही आहेत. परदेशी विद्यार्थ्यासाठी रिझर्व्ह बँकेने दिलेली ३० दिवसांची मुभा मी मघाशी सांगितली. ज्या बँकांना अनिवासी खाती उघडण्याचा परवाना आहे त्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे: उद्या आपल्या कुठल्याही शाखेत फोन करून विचारा की सुदानहून आलेला विद्यार्थी पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्र घेऊन आला तर त्याचे खाते त्याच दिवशी उघडाल का, की आधी वीजबिल मागाल. उत्तर वीजबिलाचे आले, तर रिझर्व्ह बँकेचा तो नियम छापून त्या काउंटरवर लावा.